लटकी शस्त्रे, खरी तालीम



ज्या व्यायामशिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे लाठी फिरवली आणि लाकडी बंदूक खांद्यावर घेऊन याच मैदानावर फेऱ्या मारल्या. पुढे आयुष्यभर मी मराठी शिकवले. शस्त्रविद्येवर बोलण्याचा माझा अधिकार तेवढाच, म्हणजे जवळजवळ नाहीच. तरीही यंदा मी विषय निवडला तो शस्त्रांचा. आणि त्यातही खऱ्या शस्त्रांचा नव्हे, लटक्या शस्त्रांचा. ज्याच्या हाती खरे शस्त्र येऊ शकत नाही, किंवा ज्याला ते परवडत नाही, त्याने लटक्यावर शिकावे काय, आणि शिकलेले खरे ठरते काय, हा प्रश्न आहे.

प्रारंभ एका सर्वपरिचित कथेने करतो. द्रोणाचार्यांनी कुरुकुमारांची परीक्षा घेतली, ती आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. अर्जुनाला फक्त पक्षी दिसला, मग पक्ष्याचे मस्तक दिसले, इत्यादी. पण त्या कथेतील एक तपशील आपण सोयीने विसरतो. महाभारतातील आदिपर्वात तो पक्षी जिवंत नाही. आचार्यांनी कारागिरांकडून तो कृत्रिम पक्षी करवून घेतला आणि झाडाच्या शेंड्यावर बसवला. म्हणजे आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नेमबाजी एका खेळण्यावर झाली! त्याच पर्वात एकलव्याने गुरूची मातीची प्रतिमा केली आणि तिच्यासमोर धनुर्विद्या साधली. एकीकडे लक्ष्य लटके, दुसरीकडे गुरू लटका; विद्या मात्र दोन्हीकडे खरी. एकलव्याचा अंगठा गेला तोही खराच.

आमच्या भाषेनेही ही गोष्ट ओळखली आहे. ‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ शिकवणे. मराठीत त्याला दोन घरे मिळाली. एक, जिथे मल्ल घुमतो ती जागा. आणि दुसरे, नाटकाची तालीम. नाटकाच्या तालमीत राजा खरा नसतो आणि तलवार पत्र्याची असते, तरी तेथे झालेली चूक खरी धरली जाते. ‘कवायत’ या शब्दाचे कूळ तर अधिक बोलके आहे. ‘कायदा’ या अरबी शब्दाचे अनेकवचन ‘कवाइद’; त्यावरून आपली कवायत आली. कायदा आणि कवायत ही एकाच घरची भावंडे आहेत. हे नाते लक्षात ठेवावे अशी विनंती आहे. पुढे त्याचे काम पडेल.

लटक्या शस्त्राचा एक जुना तपशीलवार उल्लेख रोमन लेखक वेजेशियस याच्या लष्करी ग्रंथात सापडतो. हा ग्रंथकार इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचा मानतात. तो सांगतो की, जुन्या काळी नव्या शिपायाला वेताची ढाल आणि लाकडी तलवार देत, आणि जमिनीत रोवलेल्या खांबाशी त्याला सकाळ-दुपार झुंजवीत. गंमत अशी की, ती लाकडी तलवार आणि ती ढाल वजनाने खऱ्याच्या दुप्पट असे. तेव्हा लटके शस्त्र हे खऱ्यापेक्षा सोपे असते हा आपला समज रोमनांना मान्य नव्हता. पुढच्या काळात गणित उलटे झाले, लटके हलके झाले. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

आपल्याकडे फरी-गदका आणि बोथाटी हे त्याच कुळातले प्रकार. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली काठी, ती तलवारीच्या जागी. आणि फरी म्हणजे छोटी ढाल. बोथाटी म्हणजे टोकाला बोंडा बसवलेला भाला. बोथट या शब्दाशी तिचे नाते उघड दिसते. धार काढून घेतली आणि विद्या ठेवली, असा तो शब्द आहे. या खेळांचा खरा गुण असा की समोर जिवंत माणूस असतो. खांब पुढे सरकत नाही, हुलकावणी देत नाही. गदका लागला की वळ उठतो, आणि कोणती बाजू उघडी राहिली हे पाठीला समजते. तलवारीने हा धडा फक्त एकदाच मिळतो.

१८५७ नंतर या खेळांना निराळा अर्थ आला. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. आणि त्याखालच्या नियमांनी युरोपियनांना मात्र मोकळीक दिली. लोकांच्या मनाला जी सल लागली ती हत्यार गेल्याची जितकी, तितकीच या भेदाची. अशा दिवसांत आखाड्यांनी जे जपले ते लाकूड, वेत आणि चामडे यांच्या साहाय्याने जपले. आपल्या वडोदऱ्यात जुम्मादादांच्या आखाड्याची गादी त्यांचे शिष्य माणिकराव यांनी चालवली. एका मुसलमान उस्तादाचे नाव मराठी शिष्याने आपल्या व्यायाममंदिराला दिले आणि मिरवले, ही गोष्ट या शहराने अभिमानाने सांगावी अशी आहे, आणि अलीकडे ती पुरेशी सांगितली जात नाही. कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद तरुणपणी येथेच माणिकरावांपाशी शिकले. माणिकरावांनी संघव्यायाम बसवला आणि कवायतीचे हुकूम आपल्या भाषेत आणले. याच शहरातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत निघाला. ज्या देशात बहुतेकांच्या हाती हत्यार नव्हते, त्या देशात ही तालीम जपली गेली आणि ग्रंथांत नोंदली गेली, याकडे मी आदराने पाहतो.

पण तलवार आणि भाला यांचे ठीक, बंदुकीचे काय? काठी तलवारीची जागा घेऊ शकते, कारण दोन्ही एकाच हाताच्या फिरवण्याने चालतात. बंदुकीचे लटके रूप करणे अवघड. कारण तिचे काम दूरवर होते, आणि गोळी गेल्यावाचून नेम कळत नाही. या अडचणीवर एक व्यवहारी तोडगा इंग्लंडात निघाला. १८८० नंतरच्या दशकात मॉरिस नावाच्या गृहस्थाने मोठ्या रायफलीच्या नळीत बसेल अशी बारीक नळी केली. तीतून लहान, स्वस्त काडतूस उडवता येई. रायफल तीच, वजन तेच, चाप तोच. आवाज आणि खर्च मात्र थोडा. दिवाणखान्याएवढ्या जागेतही सराव होऊ लागला.

या युक्तीचे मोल १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाने वाढवले. दक्षिण आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी बादशाही फौजेला नेमबाजीत नामोहरम केले, तेव्हा ब्रिटिशांना जाग आली की, आपल्या गिरणी-कामगाराने जन्मात बंदूक धरलेली नाही. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था उभी राहिली आणि लॉर्ड रॉबर्ट्स यांनी ही चळवळ उचलून धरली. हे तेच रॉबर्ट्स, जे १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते, आणि ज्यांचा एकुलता मुलगा १८९९ मध्ये कोलेन्सोच्या लढाईत पडला. पॉइंट बावीसच्या छोट्या काडतुसावर कारकून आणि मजूर संध्याकाळी नेम धरू लागले. ज्या सरकारने येथे आमच्या हातून हत्यार काढले, त्याच्याच मायदेशात मजुराच्या हाती ते देण्याची ही धडपड चालली होती, हा विरोधाभास आज हसू आणतो.

पॅरिसमध्ये त्याच सुमारास काही हौशी मंडळींनी मेणाच्या गोळ्या काढल्या. चेहऱ्यावर मुखवटा, अंगात जाड डगला, पिस्तुलावर हाताच्या रक्षणासाठी पत्र्याची ढाल. आणि दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांवर गोळी झाडीत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी याचे प्रात्यक्षिक झाले. खेळ टिकला नाही. पण फरी-गदक्याने तलवारीला जे दिले ते, म्हणजे समोरचा जिवंत माणूस, पिस्तुलाला येथे मिळाला.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. १९४० च्या मे महिन्यात जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये गृहरक्षक दल उभे राहिले, तेव्हा बंदुका पुरेनात म्हणून केरसुणीचे दांडे खांद्यावर घेऊन कवायत झाली. आपल्याकडे चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांतून एन.सी.सी. सक्तीची झाली आणि १९६८ पर्यंत ती तशी राहिली. मी त्याच काळातला विद्यार्थी. आमच्या हाती आलेल्या रायफली केवळ कवायतीच्या होत्या, उडण्याच्या नव्हत्या. वर्षातून एकदा पॉइंट बावीसची मोजकी काडतुसे मिळत आणि आमची गंभीर नेमबाजी पाच मिनिटांत संपे. अमेरिकेने १९६७ मध्ये व्हिएतनामला जाणाऱ्या सैनिकांच्या तालमीत चक्क मुलांची छर्ऱ्याची हवाई बंदूक आणली. तिची माशी काढून टाकली होती. हवेत फेकलेली लहानशी तबकडी केवळ नजरेच्या भरवशावर टिपायची. हे जमले की मग खरी रायफल. जगातील सर्वांत श्रीमंत सैन्याने खेळण्याच्या दुकानाची पायरी चढावी, यात लाज वाटण्यासारखे त्यांना काही वाटले नाही.

आता जपानकडे वळू, कारण आज ज्याला एअरसॉफ्ट म्हणतात ते तेथले अपत्य. या देशाला लटक्या शस्त्राची परंपरा जुनी. १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी गोळा केल्या. अठराव्या शतकात बांबूच्या चिपांची तलवार आणि अंगत्राण यांच्या आधाराने तलवारीची तालीम वाढली. आजचा केंडो तो हाच. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५८ च्या कायद्याने बंदुका आणि तलवारी यांवर कडक बंधन आले. सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगणे अशक्यप्राय झाले. लोकांची हौस मात्र कायद्याने मरत नाही. प्रथम न उडणाऱ्या प्रतिकृती आल्या. त्यांचा दुरुपयोग होऊ लागला, तेव्हा १९७१ मध्ये धातूच्या पिस्तूल-प्रतिकृतींची नळी बुजवण्याची आणि त्या पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगवण्याची सक्ती झाली. मग प्लास्टिकच्या बंदुका आल्या, ज्या स्प्रिंगच्या किंवा दाबलेल्या वायूच्या जोरावर सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी फेकीत. १९९१ मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने विजेच्या घटावर चालणारी रायफल बाजारात आणली. आत छोटी मोटार, दात्यांची चाके आणि हवा ढकलणारा दट्ट्या. नळीच्या मागच्या टोकाशी रबराचा एक तुकडा गोळीला उलटी फिरकी देतो, म्हणून ती हलकी गोळी बरेच अंतर सरळ जाते. क्रिकेटच्या फिरकीवर भाषणे देणाऱ्या आपल्या तरुणांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

या गोळीत दम किती? तिचे वजन साधारण एक पंचमांश ग्रॅम. जपानने २००६ मध्ये कायद्याने जी मर्यादा घातली ती एका ज्यूलच्याही किंचित खाली आहे. पॉइंट बावीसच्या छोट्या काडतुसाची गोळी शंभराहून अधिक ज्यूल घेऊन निघते, आणि पोलिसांच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाची साडेचारशेच्या आसपास. म्हणजे अंगावर चिमटा बसावा एवढाच हा मार. डोळ्याला मात्र एक ज्यूलही पुष्कळ होतो. गॉगलवाचून कोणी हे हाती घेऊ नये.

या खेळण्यावर शिकून खरोखर काही साधते काय? याचे उत्तर एका माणसाने दिले आहे. तात्सुया साकाई हा जपानी नेमबाज. मायदेशी खरे पिस्तूल बाळगण्याची सोय नाही, म्हणून त्याचा बहुतेक सराव एअरसॉफ्ट पिस्तुलावर झाला. अमेरिकेत स्टील चॅलेंज नावाची स्पर्धा होते. पोलादी तबकड्यांवर कमीत कमी वेळात गोळ्या मारायच्या. अमेरिकेत जाऊन खऱ्या पिस्तुलाचा अल्पकाळ सराव करून तो या स्पर्धेत उतरला, आणि २००४ मध्ये त्याने ती जिंकली. ज्या देशात बंदूक घरोघर आहे तेथल्या नेमबाजांना, जेथे ती क्वचितच कोणाच्या घरी असते अशा देशाच्या माणसाने हरवले. एकलव्याच्या कथेला इतकी जवळची दुसरी कथा मला ठाऊक नाही. फरक एवढाच की, याचा अंगठा कोणी मागितला नाही.

साकाईने काय कमावले होते, याचा विचार केला तर लटक्या शस्त्राची नेमकी सीमा कळते. म्यानातून पिस्तूल काढणे, दोन्ही हातांची पकड, माशीवर नजर, आणि चाप न झटकता मागे घेणे. या सर्व गोष्टी हजारो वेळा केल्याने अंगी येतात, आणि त्यांपैकी एकीलाही दारूगोळा लागत नाही. आपले ऑलिंपिक नेमबाजही काडतुसावाचून तासन् तास नुसता चाप ओढण्याचा सराव करतात. हवाई रायफलीवर अभिनव बिंद्रा याने २००८ मध्ये सुवर्ण आणि हैदराबादच्या गगन नारंग याने २०१२ मध्ये कांस्य मिळवले, तीही दारूच्या कणावाचून चालणारी बंदूकच. जे अंगी येत नाही ते असे: खऱ्या शस्त्राचा खांद्याला बसणारा धक्का, कान बधिर करणारा आवाज, आणि समोरचा माणूस खरोखर मरेल ही जाणीव. धक्का आणि आवाज यांची सवय थोड्या दिवसांत होते, हे साकाईच्या उदाहरणाने दिसले. तिसऱ्या गोष्टीची तालीम कोठेही नाही.

आणखी एक धोका आहे, तो शिकाऊ माणसाला सहसा सांगत नाहीत. एअरसॉफ्टच्या मैदानावर खेळाडू झुडुपामागे, पातळ फळीमागे दडतो आणि वाचतो. खरी गोळी ती फळी पार करते. मराठीत आपण आडोसा आणि तटबंदी असे दोन शब्द ठेवले आहेत. लटक्या बंदुकीच्या खेळात दोन्ही एकच ठरतात, आणि ही चुकीची सवय हाडीमाशी खिळते. रोमनांची दुप्पट वजनाची तलवार येथे आठवावी. त्यांचे लटके खऱ्यापेक्षा कठोर होते, म्हणून ते माणसाला फसवीत नसे. आमचे लटके खऱ्यापेक्षा सौम्य आहे.

स्वसंरक्षणासाठी या बंदुका शिकण्याची हौस परदेशात वाढली आहे आणि तिचे वारे आपल्याकडेही येत आहेत. माझ्या मते तिचा खरा उपयोग नेमात नाही. कागदी लक्ष्य कधी हात वर करीत नाही. कधी ते शेजारी निघत नाही, कधी अंधारात उठलेला आपलाच मुलगा निघत नाही. लटक्या बंदुकीच्या तालमीत समोर माणूस उभा करता येतो, आणि ‘आता झाडू नको’ हे शिकवता येते. पोलीसदलांत रंगाच्या गोळ्या उडवणारी शस्त्रे वापरून हाच धडा देतात. चुकून झाडलेली गोळी तेथे फक्त रंग उधळते, आणि झाडणाऱ्याची मान खाली जाते. खरे काडतूस हा धडा देऊ शकत नाही.

पण प्रतिकृती हुबेहूब झाली की ती तालमीबाहेर पडते. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने अशा बंदुकांच्या तोंडाला नारिंगी टोक आवश्यक केले. २०१४ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँड शहरातील एका बागेत बारा वर्षांचा मुलगा एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. त्याचे नारिंगी टोक निघालेले होते. पोलिसांची गाडी आली आणि काही क्षणांत त्याच्यावर गोळी झाडली गेली; दुसऱ्या दिवशी तो गेला. गोळी झाडणाऱ्यावर खटला उभा राहिला नाही. त्या मुलाच्या हातातील वस्तू लटकी होती, पण पाहणाऱ्याच्या मनात ती खरी होती आणि मरण त्या दुसऱ्या बंदुकीने आले. ब्रिटनने २००६ मध्ये हुबेहूब प्रतिकृतींच्या विक्रीवर निर्बंध घातले. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहेच, आणि २०१६ च्या नियमांनी हवाई बंदुकांसाठी वीस ज्यूलची रेघ आखली. कोणी मुलासाठी असे काही विकत घेणार असेल तर त्याने आधी नियम पाहावेत, आणि ते घराबाहेर उघडे नेऊ देऊ नये.

शेवटी ज्यांच्या नावे हे व्याख्यान आहे त्या सरांकडे येतो. शाळेच्या सुताराने सागाच्या उरलेल्या फळ्यांतून आमच्या लाकडी बंदुका केल्या होत्या. दस्ता, नळीचा भास, चापाच्या जागी एक खिळा; बस. मी नववीत होतो. विश्रांतीच्या वेळी मी ती बंदूक शेजारच्या मुलाच्या कपाळावर रोखली आणि तोंडाने आवाज काढला. सगळे हसले. सर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होते. ते चालत आले, धावत नव्हे. मला वाटले आता छडी. ते म्हणाले, “बंदूक खाली ठेव. ती भरलेली आहे.”

मी म्हणालो, “सर, लाकडाची आहे.”

“तू ती माणसावर रोखलीस, तेव्हा भरली.”

त्या दिवसापासून सत्र संपेपर्यंत मला एक नेम लावून दिला. कवायत संपल्यावर सरांपुढे उभे राहायचे, बंदुकीचे तोंड जमिनीकडे धरायचे, जेथे खऱ्या रायफलीत काडतुसाचे घर असते तेथे नीट पाहायचे आणि सांगायचे, “रिकामी आहे, सर.” तेथे घर नव्हतेच, सुताराने रंधा मारलेले सपाट सागवान होते. पहिले काही दिवस मुले खिदळत. मग त्यांनी खिदळणे सोडले. सत्राच्या शेवटच्या दिवसांत एकदा मी न पाहताच ‘रिकामी आहे’ म्हणून मोकळा झालो. सरांनी बंदूक हातात घेतली, त्या सपाट लाकडाकडे बराच वेळ पाहिले, आणि मला परत दिली. “पुन्हा पाहा,” ते म्हणाले. मी पाहिले.